हाड जुळलं, तरी गाडीत बसवत नाही

"प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. मग गाडीत बसलं की हातपाय गार का पडतात?" अपघातातून उठलेली माणसं हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

पहिले काही आठवडे झोप मोडणं, हॉर्नने दचकणं, तोच क्षण पुन्हा डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही त्रास तसाच असेल तर मदत घ्या. झोपेसाठी दारूचा आधार नको. आणि डोक्याला मार लागला असेल, नंतर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर ते टेन्शन समजू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

एका गृहस्थांचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ते ठासून म्हणाले, "मॅडम, मी काही टाळत नाही. रोज बायकोच्या शेजारी बसून ऑफिसला जातो. तरी भीती तेवढीच."

"बसता म्हणजे कसे बसता? या खुर्चीत दाखवा बरं."

त्यांनी दाखवलं. एक हात वर, जणू दरवाज्यावरची कडी पकडलेली. डोळे गच्च मिटलेले. आणि उजवा पाय फरशीवर असा दाबलेला, की बुटाचं टोक वाकलं होतं.

"पाय कशाला दाबलाय?"

त्यांनी खाली पाहिलं. "ब्रेक... पण ब्रेक तर तिच्याकडे असतो."

"आणि सुखरूप पोचलात की मन काय म्हणतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "की मी पाय दाबून ठेवला, म्हणून वाचलो."

सगळी गाठ इथेच होती. ते रोज गाडीत बसत होते, पण प्रवास सुखरूप झाल्याचं श्रेय रोज त्या पायाला जात होतं. रस्ता बहुतेक वेळा सुखरूप पार पडतो, हे मनाला शिकायला वावच मिळत नव्हता. नुसतं बोलून अशी भीती जाते, यावर माझा फारसा विश्वास नाही. शरीराने अनुभव घ्यावा लागतो, आणि ही बारीक टाळाटाळ पकडणं हेच माझ्या कामाचं मर्म मी मानते.

आधी उभ्या गाडीत सराव केला: डोळे उघडे, हात मांडीवर, पाय मागे ओढलेले. मग कोपऱ्यापर्यंत फेरी, मग वर्दळीचा रस्ता. भीती चढली की तिथेच उतरायचं नाही, ती खाली येईपर्यंत थांबायचं. भीती गेल्यावर नीट बसू म्हणून वाट पाहत राहिलं, तर ती जात नाही. काही आठवड्यांनी ते सांगत आले, "काल समोरच्याने करकचून ब्रेक मारला. पाय पुढे गेला, पण मीच मागे घेतला."

घरच्यांनी "विसर आता" म्हणू नये. कुठल्या रस्त्याने जायचं ते आधी ठरवा, वेग बेताचा ठेवा आणि ठरल्यापेक्षा लांब नेऊ नका. स्वतः चालवायला बसण्याआधी मात्र दुखापत आणि चालू औषधं या दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा.