मोझेलच्या वळणावरचे ब्रेम: उताराने घडवलेला गावाचा इतिहास

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. जर्मनीत कोब्लेंझहून ट्रिअरला रेल्वेने जाताना मोझेल नदीचे ते प्रसिद्ध वळण आणि त्याच्या काठचे ब्रेम गाव आपल्याला का दिसले नाही, ही एक. आणि हजाराच्या आत वस्ती असलेल्या अशा गावाचा कारभार स्वतंत्र कसा चालतो, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे आणि ब्रेमचा जवळजवळ सगळा इतिहासही त्याच भूगोलातून निघालेला आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

नेफ गावाच्या बाजूने येणारी मोझेल ब्रेमपाशी डोंगराला भिडते आणि जवळजवळ उलट फिरून एलर गावाकडे जाते. वळणाच्या आतल्या बाजूला जमिनीची एक जीभ उरली आहे, तर बाहेरच्या म्हणजे डाव्या काठावर कालमोंटचा कडा उभा आहे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७८ मीटर उंच असून नदीपासूनची चढण तीनशे मीटरांच्या आसपास भरते. ब्रेमची घरे या कड्याच्या पायथ्याशी, नदी आणि उतार यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीने उभी आहेत. कड्याचा उतार काही ठिकाणी साठ अंशांहून अधिक असल्यामुळे युरोपातील सर्वांत तीव्र उताराच्या द्राक्षमळ्यांत कालमोंटची गणना होते. येथे एक खुलासा करायला हवा: शंभर टक्के उतार म्हणजे पंचेचाळीस अंश, त्यामुळे टक्के आणि अंश यांची गल्लत झाली की या कड्याविषयीचे आकडे एकतर अविश्वसनीय वाटतात किंवा अगदीच किरकोळ.

इतक्या उत्तरेला द्राक्षे पिकतात ती या उतारामुळेच. कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे शरद ऋतूतले तिरपे ऊनही त्याला पुरेसे मिळते, आणि सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातला काळसर पाटीचा दगड दिवसभर तापून रात्री ती ऊब सोडत राहतो. उशिरा पिकणाऱ्या रीसलिंग द्राक्षाला हीच ऊब लागते. माती मात्र फार थोडी. ती धरून ठेवण्यासाठी चुना न वापरता रचलेल्या दगडी गडग्यांच्या ताली पिढ्यान्‌पिढ्या उभ्या केल्या गेल्या. प्रत्येक वेलीला स्वतंत्र उंच खुंट असतो आणि तिच्या दोन फांद्या वाकवून हृदयाच्या आकारात त्याला बांधतात. तारांच्या सलग रांगा नसल्यामुळे माणसाला चढत-उतरतच नव्हे, तर आडवेही जाता येते. हेक्टरी वर्षाला हजार तासांहून अधिक हातकाम येथे सहज लागते. यंत्र चालणाऱ्या सपाट मळ्याला त्याच्या तुलनेत फारच थोडे लागते. या मळ्यांच्या पुढच्या सगळ्या चढउतारांमागे हा एक हिशेब आहे.

कालमोंटच्या माथ्यावर रोमन काळातील देवस्थानाचे अवशेष सापडले असून तेथे त्याची प्रतिकृती उभारलेली आहे. नदीपलीकडच्या त्या जमिनीच्या जिभेवर श्टूबेन मठाच्या चर्चचे भग्नावशेष दिसतात. बाराव्या शतकात स्थापन झालेला हा ख्रिस्ती नन्सचा मठ आज ओसाड असला, तरी त्याचा एक धागा थेट बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) पोहोचतो. १२०४ मध्ये युरोपीय ख्रिस्ती सैन्यांच्या चौथ्या धर्मयुद्धात (क्रुसेडमध्ये) ते शहर लुटले गेले, तेव्हा हाइनरिश फॉन उल्मेन या सरदाराने ख्रिस्ताच्या क्रुसाचे मानले जाणारे तुकडे असलेली दहाव्या शतकातील बायझंटाइन पेटी आपल्याबरोबर आणली आणि १२०८ मध्ये या मठाला अर्पण केली. ती आज जर्मनीतील लिम्बुर्ग येथे जपून ठेवलेली आहे. बायझंटाइन सोनारकामाचा इतका श्रेष्ठ नमुना जवळजवळ सहा शतके या वळणावर होता, ही गोष्ट मला ब्रेमच्या इतिहासात सर्वाधिक महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक प्रवासी ती न कळताच परत जातात याची खंतही वाटते.

हा प्रदेश ट्रिअरच्या आर्चबिशपच्या सत्तेखाली होता. १७९४ मध्ये फ्रेंच फौजा आल्या आणि सरंजामी देणी संपली. पुढे चर्चच्या जमिनींचे लिलाव होऊन अनेक मळे खासगी मालकीत गेले. १८१५ मध्ये प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याची सत्ता आली. सुरुवातीला प्रशियाची बाजारपेठ मोझेलच्या वाइनला अनुकूल ठरली, पण १८३४ मध्ये जर्मन राज्यांनी आपापसातली जकात काढून टाकणारा जकातसंघ स्थापन केल्यावर दक्षिणेकडची वाइन मोकळेपणाने येऊ लागली आणि नदीकाठची गावे हलाखीत सापडली. ट्रिअरमध्ये जन्मलेल्या कार्ल मार्क्सने जानेवारी १८४३ मध्ये ‘राइनिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात याच मोझेलच्या द्राक्षशेतकऱ्यांच्या दैन्यावर लिहिले होते.

आता रेल्वेविषयी. १८७९ मध्ये सुरू झालेल्या कोब्लेंझ–ट्रिअर मार्गाच्या अभियंत्यांनी नदीची वळणे टाळली. कोखेमहून निघालेली गाडी ४,२०५ मीटर लांबीच्या कैसर विल्हेल्म बोगद्यातून एलरला बाहेर पडते, लगेच पुलावरून नदी ओलांडते आणि दुसऱ्या, छोट्या बोगद्यातून थेट नेफला पोहोचते. ब्रेमचे वळण बाजूलाच राहते. आपल्याला गाव दिसले नाही ते याच कारणामुळे. १९६४ मध्ये मोझेलचे कालवीकरण, म्हणजे बंधारे बांधून ती मोठ्या बोटींना चालण्याजोगी करण्याचे काम, पूर्ण झाले आणि मोठ्या मालवाहू बोटी गावासमोरून जाऊ लागल्या, पण गावाचे पोट मळ्यांवर आणि पुढे पर्यटनावरच राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मजुरी परवडेनाशी झाल्यामुळे अनेक ताली पडीक पडल्या आणि त्यांत झुडपे माजली. त्यांतल्या काही नंतर पुन्हा लागवडीखाली आल्या. एका रुळावरून चढणाऱ्या दातेरी गाड्यांमुळे ओझी वाहणे सुकर झाले आहे, पण छाटणी, बांधणी आणि तोडणी आजही हातांनीच होते. मोझेलच्या अशा तापणाऱ्या खडकाळ उतारांवर अपोलो फुलपाखराची एक स्थानिक उपजात टिकून आहे. ताली झुडपांखाली गेल्या तर तिचाही आसरा जातो. म्हणून ब्रेमच्या वाइनची किंमत पाहून ती महाग म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कारभाराचे उत्तर सोपे आहे. ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात छोट्या गावांना स्वतःची निवडून आलेली परिषद आणि मानद महापौर असतो. कर, नोंदणी यांसारखी दैनंदिन प्रशासकीय कामे मात्र गावांचा समूह एकत्रितपणे पाहतो. ब्रेमचा समूह कोखेमचा असून जिल्हा कोखेम-त्सेल आहे. पुढच्या वेळी गेलात तर एलर किंवा नेफला उतरा. एलर ते ब्रेम ही वाट मळ्यांमधून जाते, पण तीत लोखंडी शिड्या आणि दोर आहेत, तेव्हा पावसात ती टाळावी.