परदेशात मिशनसेवेसाठी जायचं आहे, पण आईवडील तयार नाहीत. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की वय २३ आहे, पाचारणाची, म्हणजे देवानेच सेवेसाठी बोलावल्याची, खात्री आहे, बायबल कॉलेज आधी करावं की थेट निघावं हे ठरत नाही आणि घरून विरोध आहे. मी सात वर्षं परदेशात सेवा केली, त्या अनुभवावरून लिहितो.

कॉलेज जरूर करा. पण त्याआधी सांगा, तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आज तुमच्यावर कोणतं काम सोपवलेलं आहे? आणि त्या कामात तुम्हाला चुका दाखवणारं कोणी आहे का? बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, अध्याय १३ मध्ये बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवलं ते अंत्युखियाच्या मंडळीने, उपास करून आणि हात ठेवून. पण अध्याय ११ सांगतो की त्याआधी दोघांनी तिथे वर्षभर लोकांना शिकवलं होतं. पाठवणाऱ्यांना ते पुरते ठाऊक होते. मी निघालो तेव्हा माझ्या मंडळीने माझी साक्ष, म्हणजे विश्वासाचा अनुभव, ऐकली होती, स्वभाव पाहिला नव्हता. तिकडे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सगळ्यांसमोर माझी चूक सुधारली आणि मी तीन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. संडे स्कूलमध्ये दोन वर्षं कोणाच्या हाताखाली राबलो असतो, तर माझा हा दोष घरीच उघडा पडला असता. तुम्ही तरी हे टाळा. आणि उघडा पडला म्हणून सगळं संपलं असंही समजू नका. त्याच दोघांचा सोबती योहान मार्क पिर्गाहून प्रवास अर्ध्यात सोडून परतला, पुढे पौलाने त्याला सोबत घ्यायचंच नाकारलं. त्याच पौलाने शेवटच्या दिवसांत आपला सहकारी तीमथ्य याला लिहून मार्कला बोलावून घेतलं, तो सेवेला उपयोगी आहे म्हणून.

दुसरी तयारी भाषेची, आणि इथे मी फार आग्रही आहे. अमेरिकन मिशनरी अदोनीराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोहोचले. पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये झाला. मधली सहा वर्षं मुख्यतः भाषा शिकण्यात आणि भाषांतरात गेली. संपूर्ण बायबलचा बर्मी अनुवाद त्यांनी १८३४ मध्ये पूर्ण केला. दुभाष्याच्या भरवशावर उपदेश करता येतो, पण आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याचं दुखणं ऐकता येत नाही. मला तिथली भाषा शेजारच्या एका वृद्ध बाईंनी शिकवली. रोज संध्याकाळी माझे उच्चार सुधारता सुधारता एक दिवस त्यांनीच विचारलं, जेवणाआधी डोळे मिटून तू कोणाशी बोलतोस? तोवर मी त्यांच्याकडे केवळ विद्यार्थी म्हणून जात होतो. म्हणून देश ठरला असेल तर भाषा आजच सुरू करा.

व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. कर्ज असेल तर फेडून निघा. ज्या कामासाठी जाताय त्याचाच व्हिसा काढा, पर्यटक म्हणवून घेऊन सेवा करू नका. सत्य सांगायला निघालेल्या माणसाने पहिल्याच अर्जावर खोटं लिहायचं? काही देशांना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता आईवडील. भारतात आलेले मिशनरी विल्यम कॅरी यांच्या बायबल भाषांतरांबद्दल आपण प्रवचनांतून ऐकतो, पण त्यांच्या पत्नी डॉरथीबाईंबद्दल क्वचितच. त्यांनी आधी सोबत यायला नकार दिला होता. मग १७९३ मध्ये तान्ह्या बाळाला घेऊन त्या पतीबरोबर निघाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर त्यांचं मन जे ढासळलं ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरलं नाही. कॅरींच्या सेवेबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी हे वाचताना दरवेळी गलबलून येतं. तुमच्या पाचारणाची किंमत घरच्यांनाही मोजावी लागणार आहे, मग त्यांचं ऐकून घेणं हा तयारीचाच भाग समजा. त्यांना बायबलमधली वचनं दाखवून गप्प करू नका. नेमकी भीती कसली आहे ते विचारा: आजारपणाची, पैशांची, की म्हातारपणी आपल्याजवळ कोण असेल याची? माझ्या आईची भीती शेवटची होती. ती तिने पहिल्यांदा बोलून दाखवली ती माझ्यासमोर नाही, आमच्या पाळकांसमोर. मग मंडळीतल्या दोन कुटुंबांनी तिच्याकडे आळीपाळीने जायचं ठरवलं, आणि माझ्यासाठी प्रार्थना करताना तिने माझ्या सेवेच्या देशाचं नाव पहिल्यांदा घेतलं ते त्यानंतरच.