ब्लास्ट म्हणजे स्फोट नव्हे

‘फ्लोराईडमुळे अमेलोब्लास्टमध्ये अ‍ॅपॉप्टोसिस होतो असं वाचलं. म्हणजे दात घडवणाऱ्या पेशी फुटतात का?’ असा प्रश्न बडोद्याहून आला आहे.

नाही. सिलिंडरचा ब्लास्ट वेगळा, पेशीचा वेगळा. हा ग्रीक ‘ब्लास्टोस’, म्हणजे कोंब. दिसला ब्लास्ट की ठोक स्फोट, ही खोड आता आवरा.

खरी गंमत दुसऱ्या शब्दात आहे. ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ म्हणजे पानं, पाकळ्या गळणं. कर, वायली आणि करी यांनी १९७२ साली तो पेशींना लावला, आणि चपखल लावला. पेशी आक्रसते, डीएनएचे तुकडे पडतात, पटलात बांधलेल्या पुरचुंड्या होतात, त्या शेजारच्या पेशी गिळतात. आतलं बाहेर सांडत नाही, म्हणून सूज नाही. फुगून फुटते ती नेक्रोसिसवाली, म्हणजे इजेनं मरणारी. दोन्हींना सरसकट ‘पेशीमृत्यू’ म्हणणारे पिकलं पान आणि वादळात मोडलेली फांदी एकाच टोपलीत भरतात. मी ‘पेशींची पानगळ’ म्हणेन. ती फ्लोराईडवाचूनही होतेच: उंदराच्या पटाशीच्या दातात इनॅमलचा, म्हणजे दातावरच्या टणक आवरणाचा, थर घालून झाला आणि तो पक्का होऊ लागला की सुमारे २५ टक्के अमेलोब्लास्ट गळतात, पुढे जवळपास तितकेच आणखी.

फ्लोराईडचं म्हणाल तर, वाढवलेल्या पेशींची पानगळ प्रयोगशाळेत होते ती मिलिमोलर मात्रेला. १ मिलिमोलर म्हणजे लिटरला १९ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर १.५, रक्तातली मात्रा मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे मिलिमोलरच्या हजाराव्या भागांत. तेवढ्यानं पेशी सहसा मरत नाही, तिचं काम बिघडतं. प्रथिनं वेळेत निघत नाहीत, इनॅमल सच्छिद्र राहतं आणि दात खडूसारखा पांढुरका उगवतो. हे सगळं साधारण आठ वर्षांपर्यंत, दात हिरडीत घडत असताना. नंतर डाग पाडायला पेशीच उरलेल्या नसतात.

आता ‘दंतवल्क’. इनॅमलला वल्क, म्हणजे साल, म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी झाड तरी नीट पाहायचं होतं. सालीचा नवा थर आतून येत राहतो. इनॅमल घालणाऱ्या पेशी मात्र बाहेरच्या अंगाला असतात, थर चढवत मागे सरकतात आणि दात उगवताना नाहीशा होतात. थर बाहेरून चढलेला, टवका उडाला तर आपणहून न भरणारा: हा सरळ मिना आहे! दागिन्यावर असतो तोच. फारसीत दातावरच्या थराला आजही मिनाच म्हणतात. आणि बडोदेकरांनी तरी फारसीला नाक मुरडू नये. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली निघालेल्या शासनशब्दांच्या कोशात संस्कृतच्या मांडीला मांडी लावून फारसी बसली आहे.