साखरपुडा होऊन सव्वा वर्ष झालं, लग्न अजून पुढेच (२०२१ च्या कोरोनाकाळातलं पत्र, त्यातले लग्नाचे निर्बंध आणि दंड तेव्हाचे)

प्रश्न : ताई, माझा साखरपुडा फेब्रुवारी २०२० मध्ये झाला. लग्न त्याच वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला, २६ एप्रिलला होतं, पत्रिका छापून झाल्या होत्या आणि लॉकडाऊन लागला. मग डिसेंबर धरला तर सासऱ्यांनाच कोरोना झाला. आता परत अक्षय्य तृतीया, १४ मे २०२१, आणि आता नियम आलाय की पंचवीसच माणसं आणि दोन तासांत सगळं उरकायचं. बाबा म्हणतात अजून पुढे ढकलू, एकुलत्या एका मुलीचं लग्न असं चोरून करणार नाही. होणारा नवरा म्हणतो रजिस्टर करू. शेजारी विचारतात मोडलं का म्हणून. शालू कपाटात तसाच पडलाय, बघितला की रडू येतं. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अगं, आधी बाबांचं बोलते, कारण पत्रात तुझा सगळा राग त्यांच्यावर निघालाय. तीस वर्षं ते लोकांच्या लग्नात जेवून आलेत, आहेर देऊन आलेत, त्या सगळ्यांना एकदा आपल्या दारात जेवू घालायचं हे त्यांच्या मनात तू लहान असल्यापासून असणार. ते खरंच आहे, त्याला हट्ट म्हणू नकोस. पण जेवण पुढे ढकलता येतं ना! लग्न आणि जेवण एकाच दिवशी व्हायला पाहिजे असं थोडीच आहे. त्यांना एवढंच सांग, बाबा पंगत होणार, सगळे मोकळे झाले की होणार, आणि ती तुम्हीच घालायची. यादी आत्ताच बसून करा दोघांनी.

माझ्या भाचीचं लग्न गेल्या जूनमध्ये घरातच झालं, अंतरपाट तिच्या भावाने आणि एका काकाने धरला, गुरुजी मास्क लावून, आणि आजी आतल्या खोलीत मोबाईलवर बघत होत्या, अक्षता त्यांनी स्क्रीनवरच टाकल्या. आजही त्या लग्नाचं बोलताना भाची आधी तेच सांगते.

आता रजिस्टरचं. स्पेशल मॅरेज ॲक्टने, म्हणजे विधी न करता थेट नोंदणी ऑफिसात लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते आणि मग तीस दिवस थांबावं लागतं, म्हणजे १४ मे त्यात बसत नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर परत नोटीस. तीन साक्षीदार लागतात. ऑफिसात सध्या माणसं कमी आहेत, म्हणून आधी फोन करून मगच जा. तारीख तीच हवी असेल तर घरी विधी करून नंतर नोंदणी करणं सोपं पडेल, फक्त पंचवीसच्या वर एकही माणूस नको, पन्नास हजार दंड आहे आणि त्याहून मोठी भीती सासऱ्यांची, नुकतंच आजारातून उठलेलं माणूस आहे.

पण हे सगळं ठरवायच्या आधी त्याच्याशी एकदा नीट बोल, घरच्यांचे निरोप देण्यापुरतं नाही. सव्वा वर्ष तुम्ही दोघं तारखांवरच बोलताय असं पत्रावरून वाटतं. तुला स्वतःला काय हवंय हे पत्रात कुठेच नाही, त्याला तरी सांग.

मंगल कार्यालयाच्या ॲडव्हान्सची पावती जपून ठेव, पुढची तारीख लिहून घे, आत्ता वर पैसे देऊ नका.

आणि शालू आजच काढ. वर्षभर एकाच घडीवर रेशीम राहिलं तर घडीवरच चिरतं, सावलीत वाऱ्यावर टाक आणि घडी बदलून ठेव.