चार घरी चहा

प्रिय पोरी,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. पाऊण तास बोलली. "मास्टर्स केलेली मुलगी पोलिसात चालली आहे, आणि तीही धड पोलिसात नाही, अर्ध्या पोलिसात," हे तिने मला चार वेळा ऐकवलं. ऐकणारीने सोळा वर्षं हेच अर्धं पोलीसपण केलंय, हे रागाच्या भरात तिच्या लक्षात राहिलं नसावं. मी म्हटलं, पोरीला पत्र लिहिते. मराठीत लिहितेय, कारण या नोकरीबद्दल इंग्रजीत तुला ढीगभर वाचायला देणारच आहेत.

तो टोमणा तुला रस्त्यावरही ऐकू येईल. इथली पोरं "प्लास्टिक पोलीस" म्हणतात. 2002 च्या कायद्याने पीसीएसओ, म्हणजे पोलीस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर, हे आपलं पद निघालं तेव्हा डेव्हिड ब्लंकेट ब्रिटनचे गृहमंत्री होते, म्हणून पेपरवाल्यांनी "ब्लंकेटचे बॉबी" असंही नाव ठेवलं होतं. पोलिसांच्या टोपीला काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी, आपल्या टोपीला साधी निळी. लांबून फरक कळत नाही, जवळ आल्यावर कळतो आणि मग हसतात. अटकेचा अधिकार नाही. आमच्याकडे बेड्या नव्हत्या, दंडुकाही नव्हता. ड्रग्ज दिसले तर काढून घ्यायचे, नाव-पत्ता विचारायचा. चीफ कॉन्स्टेबलने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, तो अधिकार दिला असेल तर माणसाला अर्धा तास थांबवून ठेवता येतं, पोलीस येईपर्यंत. थांबला तर!

मी 2006 मध्ये लागले तेव्हा आमची चलती होती. 2010 च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये 17 हजारांच्या जवळ पीसीएसओ होते. मग काटकसर आली. नॉरफक परगण्याच्या पोलिसांनी 2018 मध्ये सगळीच्या सगळी पदं मोडीत काढली, आणि 2024 पर्यंत सगळीकडचे मिळून आठ हजारही उरले नाहीत. आता 2029 पर्यंत मोहल्ल्यामोहल्ल्यात 13 हजार माणसं वाढवू असं सरकार म्हणतंय, तुझी भरती त्याच लाटेतली. लाट ओसरताना मी पाहिली आहे. तेव्हा पोलीस कॉन्स्टेबलच्या अर्जाचं मनात असू दे, एवढं व्यवहाराचं सांगून ठेवते.

आता माझ्या थोरल्या काकांची गोष्ट. ते सातारा जिल्ह्यात गावचे पोलीस पाटील होते. तुला ही काय भानगड ते माहीत नसेल. गावातलाच माणूस, अंगावर वर्दी नाही, मानधन नावापुरतं. गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवायचं. ओढ्याकाठी हातभट्टी लागायची, आणि धूर कुठून निघतोय यावरून भट्टी कुणाची ते काकांना कळायचं. पण दारू कुठे जाते, पैसा कोण उचलतं, हे सांगायच्या बायका, कारण मार त्यांनाच बसायचा. अशा एखाद्या बाईशी बोलायचं असलं की काका तिच्या घरी सरळ कधी गेले नाहीत. आधी चार घरी चहा. मला बरोबर न्यायचे आणि मी जाम वैतागायचे. पाचव्या घरी पोचलो की मला अंगणात शेळीपाशी सोडून आत जायचे. काकांना चहाचं व्यसन आहे, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

ते व्यसन नव्हतं हे मला 2008 मध्ये कळलं, आणि तेही उशिरा.

माझ्या बीटवर, म्हणजे मला गस्तीला दिलेल्या भागात, काउन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) घरांची एक ओळ होती, चौदा दारं. तिसऱ्या दारात एक गोरी आजी एकटी राहायची. समोरच्या फ्लॅटखाली गाड्या यायच्या, इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं थांबायच्या, निघून जायच्या. आजीने टीव्हीच्या कार्यक्रमांच्या मासिकामागे पेन्सिलने गाड्यांचे नंबर उतरवले होते. वेळ लिहिलेली, आणि वेळेपुढे तेव्हा कुठली मालिका लागली होती तेही. इतकी चोख माहिती मला पुढे कुणी दिली नाही. मी कागद घेतला, ठाण्यात जाऊन इंटेल, म्हणजे खबर, नोंदवून टाकली. निघताना खुशीत तिला म्हणाले होते, "असंच लक्ष ठेवा, मी गुरुवारी येते."

एका वाक्यात दोन चुका. कुणी आपण होऊन काही सांगितलं तर ऐकून घ्यायचं, त्यात काही वावगं नाही. पण "लक्ष ठेवा" म्हटलं की तू त्या माणसाला कामाला लावलंस. मग तो गुप्त खबरी ठरू शकतो, आणि खबरी बाळगायला 2000 च्या रिपा कायद्याची रीतसर परवानगी लागते, त्याची माणसंच वेगळी असतात. त्यावरून सार्जंटने मला यथेच्छ झापलं. झाप खाल्ली, विषय मिटला.

दुसरी चूक तशी मिटली नाही. गुरुवारी भर दुपारी, पिवळंधमक जॅकेट घालून, चौदा दारांपैकी फक्त तिच्या दारात जाऊन मी उभी राहिले. पुढच्या गुरुवारीही. समोरच्या फ्लॅटमधली पोरं काय आंधळी होती? तिसऱ्या आठवड्यात आजीच्या स्वयंपाकघराची काच फोडून अर्धी वीट आत आली. सोबत चिठ्ठी नव्हती. कशाला हवी?

दोनेक महिन्यांनी वॉरंट निघालं, फ्लॅटचं दार तोडलं, माल सापडला. सगळ्या वसाहतीने पाहिलं. आजीला मात्र कुणी येऊन सांगितलं नाही, की बाई, तुमचं म्हणणं पोचलं होतं. मी दोन आठवड्यांनी गेले. तिने दार उघडलं नाही. टपालाच्या फटीतून म्हणाली, "कागद मिळाला ना तुला? मग आता कशाला आलीस?"

शेळीपाशी उभी राहिलेली मी तेव्हा आठवले.

त्यानंतर मी ओळच्या ओळ करायला लागले. सायकलचोरीची नाहीतर कुलपांची पत्रकं घ्यायची, चौदाही दारं वाजवायची. जिच्याशी खरं काम तिथे दहा मिनिटं, आणि आणखी दोन घरी विनाकारण तेवढीच. कुणाला फारच भीती वाटत असेल तर क्राइमस्टॉपर्सचा नंबर द्यायचा. ती संस्था पोलिसांची नाही, 1988 पासून आहे, नाव विचारत नाही. आपली इंटेल बुडाली म्हणून तोंड वाकडं करू नकोस.

आणि परत जायचंच. तपास चालू असेल तर बरंचसं सांगता येत नाही. पण "पोचलंय, पुढचं मला सांगता येणार नाही" एवढं तर सांगता येतं? लोक पोलिसांना शिव्या घालतात त्या चोर सुटला म्हणून, असं पेपरात असतं. मला दारोदारी ऐकू आलं ते असं, की फोनवर वीस मिनिटं ताटकळलो, एक रेफरन्स नंबर मिळाला आणि पुढे मुंगीसुद्धा फिरकली नाही. विकणारे पकडायला कॉन्स्टेबल आहेत, डिटेक्टिव्ह आहेत. त्यांना परत जायला वेळ नसतो. तुझ्याकडे वेळच तेवढा आहे.

मोहल्ल्याच्या मीटिंगा तुला घ्याव्या लागतील. तिथे पहिला तास कुत्र्यांची घाण आणि पार्किंग यातच जाईल. कंटाळू नकोस. समोरच्या घरात क्रॅक कोकेन विकलं जातंय असं वीस जणांसमोर कोण बोलेल? खुर्च्या आवरायला जी थांबते तिच्याशी बोल. गांजाच्या वासावरून मात्र भांडणं होतील, खुल्लमखुल्ला. एक म्हणेल सगळ्यांना आत टाका, त्याचाच शेजारी म्हणेल पोरांना छळू नका. त्यात कायद्याने स्वतःच गोंधळ घातलेला. 2004 मध्ये गांजा ब वर्गातून कमी शिक्षेच्या क वर्गात गेला, 2009 मध्ये परत ब मध्ये आला. तो आता चालतो असं समजणारी माणसं मला शेवटच्या वर्षापर्यंत भेटत होती. तू वाद जिंकायला जाऊ नकोस. वास कुठून येतो, किती वाजता येतो, विकणारा कोण आणि नुसता ओढणारा कोण, हे विचार.

पोरांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे मी जास्त उपयोगी पडले असं मला वाटतं. काउंटी लाइन्स हा शब्द तुला पहिल्याच आठवड्यात शिकवतील. मोठ्या शहरातली टोळी एका फोन नंबरवर लहान गावात हेरॉइन आणि क्रॅक विकते, माल पोचवायला चौदा-पंधरा वर्षांची पोरं. पोरांच्या बोलीत "कंच"ला जाणं, म्हणजे कंट्रीत. अशा पोराकडे एक चांगला फोन असतो आणि एक स्वस्तातला बटणांचा. मंगळवार-बुधवार शाळा बुडते. नवं जॅकेट येतं, आई विचारत नाही, किंवा विचारायला घाबरते. पुढे कधीतरी त्याच्याकडचा माल वाटेत लुटला जातो. बऱ्याचदा टोळीनेच लुटवलेला असतो. मग "आमचे हजार पौंड फेड" म्हणून पोरगं फुकट राबतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराची वही पाहिली होती, त्यांना हा हिशोब लगेच कळला असता. म्हणूनच 2015 चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा अशा पोरांनाही लागू होतो. बस स्टॉपवर पोर दिसलं तर खिशाकडे बघण्याआधी त्याने जेवलंय का ते बघ.

आणि एकट्या माणसांवर नजर असू दे. माझ्या बीटवर एक चाळिशीचा माणूस होता, बुद्धीने थोडा मंद, घराची किल्ली दोरीला बांधून गळ्यात घालायचा. शाळकरी पोरासारखी. भेटला की ती दाखवायचा. एका नोव्हेंबरात तो स्वतःच्याच दाराबाहेर पावसात उभा दिसला, आणि गळ्यात दोरी नव्हती. "मित्र आलेत," म्हणाला. ड्रग्ज विकणारे दुबळ्या माणसाच्या घरात असे ठाण मांडून बसतात, त्याला कुकूइंग म्हणतात. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते तोच प्रकार. ते "मित्र" आठ दिवसांत हलले. किल्ली मिळायला काउन्सिलकडून नवीन कुलूप यावं लागलं, त्याला पाच आठवडे गेले. ते पाच आठवडे का गेले यावर वेगळं पत्र होईल.

आपल्या मराठी मंडळींचंही सांगते, नाराज होऊ नकोस. दिवाळीच्या कार्यक्रमात मला बायका म्हणायच्या, "कसलं गं हे तुझं काम, आपली मुलं काही यातली नाहीत." कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या गाडीतळावर मी नायट्रस ऑक्साइडच्या चंदेरी नळकांड्या बुटाने बाजूला सारायचे. नोव्हेंबर 2023 पासून तो वायू नशेसाठी जवळ बाळगणं गुन्हा आहे, क वर्गात. तेव्हा नव्हता. पण आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही की या नळकांड्या कुणाच्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपण विमानात घालून सोबत आणली आणि ती पोलीस ठाण्यालाही लावली. तुझ्या आईला जे बोचतंय त्यातलं निम्मं हेच आहे. उरलेली निम्मी काळजी आहे, ती खरी आहे.

काळ्या पोरांचा तुझ्यावरचा अविश्वास मनाला लावून घेऊ नकोस. ड्रग्जच्या संशयावरून झडती घेण्याचा अधिकार तुला नाही, कॉन्स्टेबलला आहे, पण कोट त्यांना सारखाच दिसतो. 1981 मध्ये लंडनचं ब्रिक्स्टन पोलिसांविरुद्ध पेटलं तेव्हा त्या पोरांचे बाप तरुण होते. लंडन पोलिसांतल्या वर्णभेदावर बोट ठेवणारे दोन अहवाल आहेत, 1999 चा मॅकफर्सन अहवाल आणि 2023 चा केसी अहवाल, दोन्ही वाच. ट्रेनिंगमध्ये त्यातला सारांश देतील, तू मूळ वाच. मार्च 2021 मध्ये लंडनच्या सेवेतल्या पोलिसानेच एका तरुणीला पळवून मारलं. त्याच आठवड्यात संध्याकाळी एका बस स्टॉपवर मी एका मुलीला विचारायला गेले, उशीर झालाय, कुणी न्यायला येतंय का. ती दोन पावलं मागे सरकली. मी साठीला आलेली, पाच फूट उंचीची, गुडघे दुखणारी बाई! पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, जॅकेटकडे बघत होती. मी रस्ता ओलांडून समोर गेले आणि तिची बस येईपर्यंत तिथे उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

बुटांचं राहिलं. देतील ते बूट पहिल्या महिन्यात चावतात, आत लोकरीचे मोजे घाल, एक जोड बॅगेत ठेव. बीटवरच्या कुठल्या दुकानात टॉयलेट वापरू देतात ते पहिल्याच दिवशी शोधून काढ, हे तुला कुणी पुरुष सांगणार नाही. चहाला कुठेही नाही म्हणू नकोस, पण "अर्धाच कप" म्हण. काकांच्या वेळी चार घरं असायची, तुझ्या ओळीत चौदा असतील.

आईला मी रविवारी परत फोन करते.

तुझी,
मावशी