कोरियातल्या देजॉन शहरात परदेशी शिक्षकाचे शनिवार-रविवार कसे जातात?

तुम्ही लिहिलंय की देजॉनमध्ये शिकवायची नोकरी मिळतेय, पण जो तो सांगतो की त्या शहरात काही मजा नाही, दर शुक्रवारी सोलची गाडी पकडावी लागते. हे खरं आहे का, असा तुमचा प्रश्न. मी इथल्याच एका विद्यापीठात शिकवते. माझं म्हणणं असं की सुरुवातीचे काही महिने तरी सोलच्या नादाला लागू नका.

केटीएक्स या वेगवान रेल्वेने सोल तासाभरावर आहे, त्यामुळे मोह होतोच. पण राजवाडे, बाजार आणि कॅफे पालथे घालून रविवारी रात्री दमून परतायचं आणि सोमवारी सकाळी वर्गात उभं राहायचं, यात विसावा कुठे आला? शिवाय आपण राहतो ते गाव अनोळखीच राहतं. खुद्द कोरियन लोक देजॉनला ‘नोजॅम’, म्हणजे मजा नसलेलं शहर म्हणतात. पाहण्याजोगी ठिकाणं मोजायला बसलात तर त्यांचं म्हणणं पटेल. राहायला मात्र हे फार सुखाचं शहर आहे, कारण सुट्टीला लागणाऱ्या गोष्टी इथे सगळ्यांसाठी आहेत. डोंगर, नदीकाठ, बाग, गरम पाण्याचं कुंड हे सगळं मेट्रो किंवा बसने गाठता येतं आणि बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. नव्या देशात पहिला पगार हातात यायच्या आधी याची किंमत कळते.

माझा शनिवार ग्येजोकसान डोंगराचा. त्याच्या अंगाखांद्यावरून 14.5 किलोमीटरची तांबड्या मातीची वाट गेली आहे, आणि ती अनवाणी चालायची असते. 2006 पासून सोजू ही कोरियन दारू बनवणाऱ्या इथल्याच एका कंपनीने बाहेरून चिकणमाती आणून ती अंथरली, अजूनही तीच कंपनी वाट राखते. रस्त्याची एक कड मातीची, बाकीचा भाग बूट घालून चालणाऱ्यांसाठी. पायथ्याशी लोक बूटमोजे पिशवीत घालतात आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात. पाऊस पडून गेला असेल तर माती बोटांच्या फटींतून वर येते, टाच सरकते, पाऊल जपून टाकावं लागतं. त्यामुळे आपोआप सगळ्यांचीच चाल मंदावते. सत्तरीतल्या बायका काठी टेकत, गप्पा मारत माझ्या पुढे निघून जातात. मध्येच थांबून काकडीचा तुकडा पुढे करतात आणि ‘कुठल्या देशाची?’ विचारतात. ‘इंदो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोरियन जेवण तिखट लागतं का. नाही म्हटलं की मनापासून खूश होतात. अख्खी वाट एका दमात पुरी करायची गरज नाही. तासभर चाला, मग फाटा घेऊन वरच्या दगडी किल्ल्यावर जा. तो कोरियातल्या तीन राज्यांच्या काळातला आहे, आणि तटावरून देचॉन्ग धरणाचं पाणी दिसतं. गडकिल्ल्यांची सवय असलेल्या आपल्या माणसाला ही चढण काहीच नाही. खाली उतरल्यावर पाय धुवायला नळ आहेत. हिवाळ्यात माती गोठते, तेव्हा हा बेत वसंतापर्यंत राखून ठेवा.

मातीतून चालून आल्यावर संध्याकाळी युसाँग. मेट्रोची इथे एकच लाइन, त्यामुळे चुकायची भीती नाही. युसाँग ओंचन स्टेशनवर उतरायचं. तिथून जवळच रस्त्याकडेला उघड्यावर गरम झऱ्याच्या पाण्याची लांब कुंडं आहेत, कुणीही जाऊन पाय सोडून बसावं. आधी शेजारच्या नळावर पाय धुवायचे हा नियम सगळे कसोशीने पाळतात. टॉवेल घरून न्या. भाषा येत नसताना लोकांजवळ बसायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. बोललंच पाहिजे असं नसतं. शेजारचे आजोबा पाणी कुठे जास्त गरम आहे ते हाताने दाखवतात, आपण सरकून बसतो. थंडीत वाफ येत असते आणि कोणीतरी पिशवीतून संत्री काढून आख्ख्या ओळीला वाटतं. माझे कितीतरी कोरियन शब्द वर्गात नाही, त्या कट्ट्यावर पाठ झाले.

रविवार जुन्या शहराचा. हे शहर रेल्वेमुळे उभं राहिलं. 1905 मध्ये सोल-बुसान लोहमार्ग सुरू झाला आणि इथल्या वस्तीचं गाव झालं. स्टेशनच्या परिसरात सॉन्गशिमदांग ही बेकरी आहे, तिची हकीकत तुम्हाला इथे प्रत्येक जण सांगेल. कोरियन युद्धात उत्तरेतल्या हामहुंगहून निघालेलं एक कुटुंब 1956 मध्ये सोलला चाललं होतं, गाडी देजॉनला बंद पडली आणि ते इथेच उतरले. चर्चच्या पाद्र्यांनी पिठाची दोन पोती दिली, त्यावर स्टेशनपुढे वाफवलेल्या पावांचं दुकान मांडलं. आज देशभरातून लोक रांगा लावतात, तरी मालकांनी देजॉनबाहेर शाखा काढलेली नाही आणि उरलेला पाव गरजूंना वाटायची रीत अजून चालू आहे. मला या दुकानाबद्दल खरोखर आदर वाटतो. 1980 पासून मिळणारा तळलेला सोबोरो पाव घ्याच. वरून कुरकुरीत, आत तांबड्या चवळीसारख्या दाण्यांचं गोड, पुरणाच्या जवळ जाणारं सारण. सकाळी लवकर गेलात तर रांग लहान असते.

दुपारच्या जेवणाला कालगुक्सू, म्हणजे सुरीने कापलेल्या शेवया रश्शात. युद्धानंतर मदतीचा गहू याच स्टेशनवरून सगळीकडे जायचा, त्यामुळे देजॉनला पिठाच्या पदार्थांची गोडी लागली असं सांगतात. शाकाहारी असाल तर सावध राहा, रस्सा बहुधा वाळक्या मासळीचा किंवा शिंपल्यांचा असतो. दुबू दुरुचिगी या लालभडक तिखट पदार्थात टोफू दिसला तरी तेच. आधी विचारून घ्या. एकट्याने जेवायचं तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : शेगडीवर भाजायचे किंवा मोठ्या भांड्यात शिजवायचे पदार्थ बरीच हॉटेलं दोन माणसांच्या खाली देत नाहीत. शेवया, सूप-भात, किंबाप (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) एकट्यालाही मिळतात.

नंतर ‘ताशू’ ही महापालिकेची सायकल घेऊन गापचन नदीच्या काठाने निघा. पहिला तास फुकट असतो. नदीच्या एका बाजूला 1993 च्या जागतिक प्रदर्शनाचं मैदान, त्यातला हानबित मनोरा आणि तांबड्या-निळ्या कमानींचा पूल. पलीकडे हानबात वनोद्यान, तिथे तिकीट नाही. झाडाखाली चटई टाकून आख्खी कुटुंबं दुपारभर लोळतात. शेजारच्या ली उंगनो संग्रहालयातही डोकावून या, शाईतली माणसांची गर्दी त्या चित्रकाराने फार जिवंत काढली आहे.

एकटेपणाचंही तुम्ही विचारलंय. तो येतो, विशेषतः दिवाळीत, जेव्हा इथे वर्ग नेहमीसारखे चालू असतात. पण केइस्ट हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं विद्यापीठ आणि संशोधन संस्थांमुळे या शहरात भारतीय भरपूर आहेत, आणि त्या भागात भारतीय जेवण मिळतं, मसाले मिळतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचा गट शोधा. मात्र प्रत्येक सुट्टी त्यांच्यातच घालवू नका.

येण्याआधी फोनवर नेव्हर मॅप हे नकाशाचं आणि पापागो हे भाषांतराचं अ‍ॅप घेऊन ठेवा, चालत जायचा रस्ता गूगल इथे नीट दाखवत नाही. मोठी सुपरमार्केटं महिन्यातून दोन रविवार बंद असतात, तेव्हा भाजी स्टेशनजवळच्या जुंगआंग बाजारात घ्या. कोथिंबीर सहज मिळत नाही, पण मिरच्या हव्या तितक्या मिळतात.