‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’: ऐकायचं काय आणि तो इतकी वर्षं मिळत का नव्हता?

प्रश्न दोन आहेत. पहिला: डे ला सोल या अमेरिकन रॅप गटाच्या या पहिल्या अल्बमला सगळे क्लासिक म्हणतात, पण सुरुवातीलाच पोरकट गेम शो, मध्येच फ्रेंचचा धडा, पुढे अंगाच्या वासावर गाणं, तर यात ऐकायचं काय? दुसरा: एवढा गाजलेला अल्बम २०२३ पर्यंत स्पॉटिफायवर का नव्हता? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी जातं, म्हणून एकत्रच लिहितो. ज्या गोष्टीमुळे हा अल्बम इतका भारी झाला, तिनेच त्याला पुढे अडकवून ठेवलं. ती गोष्ट म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवरून उचललेले आवाज, म्हणजेच ‘सॅम्पल’.

आधी माणसं. न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवर अ‍ॅमिटीव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेतली तीन पोरं: केल्विन मर्सर, डेव्हिड जोलिकर आणि व्हिन्सेंट मेसन. रॅपमधली नावं पॉसड्नुओस, ट्रुगॉय आणि मेसिओ. अल्बममध्ये ते स्वतःला ‘प्लग वन’, ‘प्लग टू’, ‘प्लग थ्री’ म्हणवतात. माइक मिक्सरच्या ज्या सॉकेटमध्ये खुपसायचा, त्या नंबरावरून. हिप हॉप जिथे जन्मलं त्या ब्राँक्समधल्या उंच सरकारी इमारतींत नाही, तर अंगण असलेल्या घरांच्या उपनगरात ही मुलं वाढली, आणि ते अल्बमभर जाणवतं. घरी आईवडिलांच्या रेकॉर्डचा साठा होता. त्यांचं पहिलं गाणं ‘प्लग ट्यूनिन’ ज्या तुकड्यावर उभं आहे, तो इन्व्हिटेशन्स या फारशा कुणाला माहीत नसलेल्या गटाचा. पॉसच्या वडिलांच्या संग्रहातली रेकॉर्ड. त्या गाण्याचा कच्चा डेमो गावातल्याच प्रिन्स पॉलच्या हाती पडला. पॉल तेव्हा स्टेट्सासॉनिक या गटाचा डीजे होता, वयाने यांच्यापेक्षा थोडासाच मोठा. टॉमी बॉय या कंपनीने करार केला, मॅनहॅटनच्या कॅलिओपी स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं आणि ३ मार्च १९८९ ला अल्बम बाजारात आला. तेव्हा तिघंही विशीच्या आसपासचे होते.

आता ऐकायचं काय? सुरुवात ‘आय नो’पासून करा. हेडफोन लावा. त्यातली शिट्टी सोल गायक ओटिस रेडिंगची आहे, ‘डॉक ऑफ द बे’च्या शेवटी येते ती. ओटिसने ते गाणं रेकॉर्ड केलं आणि काही दिवसांतच, डिसेंबर १९६७ मध्ये, तो विमान अपघातात गेला. ध्रुवपदात जो गुळगुळीत आवाज येतो, तो स्टीली डॅनच्या १९७७ च्या ‘पेग’मधला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत एकेक सूर घासूनपुसून बसवणाऱ्या वादकांचं काम. या दोघांच्या खाली मॅड लॅड्स या जुन्या सोल गटाचा तुकडा फिरत राहतो. तीन रेकॉर्ड, तीन वेगळी दशकं म्हणावीत इतक्या वेगळ्या जाती, पट्टी वेगळी, लय वेगळी. त्या काळच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, काही सेकंदांचाच आवाज मावायचा. तेवढ्यात कापायचं, वेग कमीजास्त करून एका पट्टीत आणायचं आणि जोड ऐकू येणार नाही असं बसवायचं. वर दोन मुलं मुलीला लाजत लाजत सांगतायत की तू मला आवडतेस. रॅपमध्ये तोपर्यंत इतकं साधं, फुशारकी नसलेलं प्रेमगीत फार कमी वेळा झालं होतं.

आपल्याकडे आख्यान रंगात आलं की कीर्तनकार मध्येच लोकांच्या ओळखीच्या चालीवर एखादी ओळ घेतो, आणि चाल ओळखणारा श्रोता दुप्पट खूश होतो. इथला आनंद तोच आहे. फरक इतकाच, की आपल्यापैकी बहुतेकांना त्या मूळ चालीच ठाऊक नसतात. म्हणून पहिल्यांदा ऐकताना हा अल्बम नुसता गोंधळ वाटतो, आणि त्यात तुमची काहीही चूक नाही.

त्यांची नजर कुठेकुठे फिरली ते बघा. ‘मी मायसेल्फ अँड आय’ फंकाडेलिक या फंक गटाच्या गाण्यावर उभं आहे, ते समजू शकतं; रॅपवाले फंककडे जायचेच. पण ‘से नो गो’ हॉल अँड ओट्सच्या पॉप गाण्यावर आहे. ‘द मॅजिक नंबर’चं मूळ लहान मुलांना पाढे शिकवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमातलं गाणं. अल्बमचं नावसुद्धा जॉनी कॅशच्या पुराच्या गाण्यावरून, म्हणजे थेट कंट्री संगीतातून आलेलं. १९८८-८९ मध्ये बहुतेक निर्माते जेम्स ब्राउनच्या ड्रमवर ठाण मांडून होते. या पोरांनी सांगितलं की घरात वाजलेली कुठलीही रेकॉर्ड हिप हॉप होऊ शकते. माझ्या मते अल्बमचं खरं मोठेपण यात आहे, मुखपृष्ठावरच्या डेझीच्या फुलांत आणि भडक गुलाबी-पिवळ्या रंगांत नाही.

गेम शोबद्दल. अल्बम एका धाग्यात ओवायला प्रिन्स पॉलने हे छोटे प्रसंग घातले. सूत्रसंचालक भारदस्त आवाजात विचारतो: अमुक ब्रँडच्या कोंबडीला पिसं किती? बॅटमॅनची गाडी, बॅटमोबील, किती वेळा पंक्चर झाली? स्पर्धक म्हणजे हीच मंडळी, आणि उत्तरं अर्थातच येत नाहीत. पुढे दहा-पंधरा वर्षं जवळपास प्रत्येक रॅप अल्बममध्ये असे स्किट असायचे, ती प्रथा रुळायला हा अल्बम मोठं कारण ठरला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ऐकताना ते कंटाळवाणे होतात हेही खरं. चोवीस तुकड्यांच्या अल्बममध्ये चार-पाच तरी असे आहेत जे मी आज सरळ पुढे ढकलतो. त्याने मुख्य गाण्यांना काही होत नाही.

शब्दांचा त्रास होतो, कारण यांची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. ‘पॉटहोल्स इन माय लॉन’ हे खड्ड्यांबद्दल नाही. इतर रॅपर आपल्या ओळी चोरून नेतात आणि हिरवळीत खड्डे पडतात, अशी ती तक्रार आहे. ‘से नो गो’ ऐकायला नाचरं वाटतं, पण विषय क्रॅक कोकेनचा, त्या वर्षांत शहरं पोखरणाऱ्या नशेचा आहे. ‘घेटो थँग’ तर सरळसरळ उदास आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा माध्यमांनी यांना ‘रॅपमधले हिप्पी’ करून टाकलं. सोन्याच्या जाड साखळ्यांच्या काळात फुलाफुलांचे शर्ट घालणारी पोरं म्हणजे मऊ, असा शिक्का बसला. त्याचा त्यांना इतका वीट आला की १९९१ च्या दुसऱ्या अल्बमला त्यांनी ‘डे ला सोल इज डेड’ नाव दिलं आणि मुखपृष्ठावर डेझीची फुटलेली कुंडी लावली.

आता तो फ्रेंचचा धडा. ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’ हा जेमतेम मिनिटभराचा तुकडा: फ्रेंच शिकवणारी जुनी रेकॉर्ड, आणि खाली टर्टल्स या जुन्या पॉप गटाच्या ‘यू शोड मी’चा संथ केलेला, पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. टॉमी बॉयने बऱ्याच सॅम्पलच्या परवानग्या घेतल्या होत्या, या तुकड्याची राहून गेली. टर्टल्सच्या सदस्यांनी दावा ठोकला आणि प्रकरण कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटलं. पाठोपाठ डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध गिल्बर्ट ओसुलिव्हन या गायकाच्या गाण्यावरून निकाल लागला. न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली. तिथून पुढे प्रत्येक सॅम्पलला आगाऊ परवानगी आणि पैसे लागू लागले. साठाहून अधिक सॅम्पल असलेला असा अल्बम नव्याने करायचा तर आज कुठल्याही कंपनीचा हिशेब बसणार नाही.

आणि स्ट्रीमिंग? १९८९ च्या परवानग्या रेकॉर्ड आणि कॅसेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या होत्या. इंटरनेटवर ते संगीत द्यायचं तर तो कागद पुरतो की नाही, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. तेव्हा हक्क वॉर्नर या मोठ्या कंपनीकडे होते, आणि तिला ते निस्तरायची घाई नव्हती. वैतागून १४ फेब्रुवारी २०१४ ला गटाने आपले जुने अल्बम २५ तास फुकट डाउनलोडला ठेवले. २०१६ च्या अल्बमसाठी तर त्यांनी लोकवर्गणी काढली, वादकांना बसवून तासन्‌तास वाजवून घेतलं आणि त्यातलेच तुकडे कापले, म्हणजे स्वतःचंच सॅम्पलिंग! २०१९ मध्ये स्ट्रीमिंगच्या उत्पन्नात कलाकारांना किती वाटा, यावरून टॉमी बॉयशी जाहीर वाद झाला. २०२१ मध्ये रिझर्व्हॉर या कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली आणि मग गाडी हलली. सॅम्पल एकेक करून पुन्हा सोडवून घेतले आणि ३ मार्च २०२३ ला, बरोबर चौतिसाव्या वाढदिवशी, अल्बम सगळीकडे आला. ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे, १२ फेब्रुवारीला, ५४ व्या वर्षी गेला. इतकी वर्षं त्यासाठी भांडलेल्या माणसाला तो दिवस बघायला मिळाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर असं करा. आधी ‘आय नो’, ‘मी मायसेल्फ अँड आय’, ‘से नो गो’ आणि ‘पॉटहोल्स’ ही चार ऐका. मग स्टीली डॅनचं ‘पेग’ आणि हॉल अँड ओट्सचं ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ ही मूळ गाणी ऐकून पुन्हा या चारांकडे या. कान लगेच उघडतील. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी अख्खा अल्बम क्रमाने लावा, शफल बंद ठेवून. ‘बडी’ या गाण्यात जंगल ब्रदर्स हा रॅप गट आणि क्यू-टिप हा रॅपर भेटतील. ते आवडले तर पुढचा रस्ता सोपा आहे: जंगल ब्रदर्सचा १९८८ चा पहिला अल्बम आणि क्यू-टिपच्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’चा १९९० चा.